गोठ्यातला गोचीडताप माणसाला होतो तेव्हा

आमच्या यावल-रावेरच्या पट्ट्यात संकरित गाय तापली, चारा सोडला आणि लघवी कॉफीसारखी लाल दिसली की जुनी माणसं लगेच गोचीडताप म्हणतात. त्यातलाच एक म्हणजे बबेसिया. हा परजीवी गोचिडीच्या लाळेतून रक्तात जातो, लाल पेशीत घुसतो, वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो, लघवीचा लाल रंग त्या फुटलेल्या पेशींचाच. 1888 साली रुमानियात व्हिक्टर बाबेश यांनी तो गुरांच्या रक्तात पाहिला, म्हणून हे नाव.

याचाच भाऊबंद, बबेसिया मायक्रोटी, अमेरिकेच्या ईशान्य भागात माणसांना धरतो. तिथं तो उंदरांत राहतो आणि खसखशीएवढी गोचिडीची पिल्लं तो माणसात आणतात. 2011 ते 2019 मधे 16 हजारांवर केसेस नोंदल्या गेल्या, ज्यांची माहिती मिळाली त्यातले निम्म्याच्या आसपास ॲडमिट करावे लागले. ॲडमिट झालेल्यांत वयस्कर, कॅन्सरवाले आणि प्लीहा काढलेले जास्त, म्हणून हा म्हाताऱ्यांचाच आजार वाटतो, पण लागण झालेल्या कितीतरी पोरांना काहीच त्रास होत नाही, मग ती दवाखान्याच्या रजिस्टरवर येणार कुठून? रजिस्टर सांगतं ते कोणाचं शरीर टिकलं नाही एवढंच, गोचीड कोणाकोणाला चावली ते नाही.

प्लीहा म्हणजे रक्ताची चाळणी, बाधित पेशी तिथंच अडवल्या जातात. 1957 मधे युगोस्लाव्हियात सापडलेला पहिला पेशंट असाच प्लीहा काढलेला शेतकरी होता, तो वाचला नाही. मला इथं नंदुरबारची सिकलसेलवाली पोरं आठवतात, कारण सिकलसेलमधे (लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) प्लीहा बऱ्याचदा निकामी होत जाते आणि त्यांना रक्तही वारंवार चढवावं लागतं, आणि बबेसिया रक्तातूनही जातो. अमेरिकेत त्यासाठी बऱ्याच राज्यांत दान केलेलं रक्त तपासतात.

भारतात माणसात याची नोंद फार क्वचित आहे, घाबरायचं कारण नाही. पण थंडीताप, अशक्तपणा, कावीळ हे सगळं मलेरियासारखंच, रक्ताच्या स्लाइडवरही लाल पेशीत मलेरियासारखेच अंगठीच्या आकाराचे परजीवी दिसतात, आणि मलेरियाच्या क्लोरोक्वीननं काही हा बरा होत नाही, त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन लागतं. म्हणून ताप उतरत नसेल तर गोचीड चावल्याचं डॉक्टरला आपणहून सांगा. टेक्निशियननं स्लाइड निवांत बघितली तर एकाच पेशीत चार परजीवी फुलीसारखे जोडलेले दिसू शकतात, आणि तशी फुली मलेरियात होत नाही.