बल्बचे १००० तास ते चिकटवलेली बॅटरी: वस्तू किती टिकावी हे नेमकं कुठे ठरत आलंय

प्रॉडक्ट डिझाइनचा विषय निघाला की बोलणं पटकन दिसण्यावर घसरतं, म्हणजे कडा गोल की धारदार, रंग कुठला, बटणं किती वगैरे. पण गेल्या काही वर्षांत युरोपात जे कायदे आलेत त्यांचा रोख वेगळाच आहे. वस्तू किती वर्षं चालावी, बिघडली तर उघडता यावी का, आणि हे ठरवायचा अधिकार कुणाचा, असा तो वाद आहे. तो काल-परवाचा नाही, त्याला शंभर वर्षं होऊन गेलीत आणि मधल्या काळात तो दोन-तीनदा पूर्ण दिशा बदलून आलाय, म्हणून ही पार्श्वभूमी.

अगदी सुरुवातीचा काळ भरभर घेतो. कारखान्यात माल निघायला लागला, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मशीनने ठोकलेल्या नक्षीवर टीका झाली, ते सगळं बहुतेकांनी वाचलेलं असतं. माझ्या मते त्या काळातली खरी शिकण्यासारखी वस्तू म्हणजे १८५९ ची ती वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, कॅफेत दिसते ती, नंबर १४. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, बस. सुटे भाग करून १ घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. जोडणी सगळी स्क्रूची, त्यामुळे जी वस्तू जोडायला सोपी तीच सोडवायलाही सोपी. हे दोन्ही गुण एकत्र असायचे हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांची फारकत झाली.

मग १९०७ ला बर्लिनच्या एका वीज कंपनीने एका आर्किटेक्टला सल्लागार म्हणून घेतलं आणि कारखान्याच्या इमारतीपासून किटलीपर्यंत आणि जाहिरातीपर्यंत सगळं त्याच्याकडे दिलं, तिथून प्रॉडक्ट डिझाइनचा पेशा सुरू झाला असं सहसा मानतात. १९१४ ला कोलोनमध्ये डिझाइनवाल्यांची मोठी खडाजंगी झाली, ठरावीक नमुने करून तेच बनवायचे की कलाकाराला मोकळं सोडायचं. १९१९ ला वायमारमध्ये बाउहाउस ही डिझाइनची प्रसिद्ध शाळा निघाली, १९३३ ला बंद पडली. या शाळेबद्दल इतकं लिहून झालंय की मी थांबतो. आणि खरं सांगायचं तर आज घराघरात ज्या वस्तू आहेत त्यांचं आयुष्य ठरवण्यात त्या शाळेपेक्षा १९२० च्या दशकातल्या दोन व्यापारी निर्णयांचा हात जास्त आहे.

पहिला निर्णय गाड्यांचा. १९०८ ते १९२७ फोर्डचं एकच मॉडेल, मॉडेल टी, दीड कोटींच्या आसपास गाड्या, किंमत ८५० डॉलरवरून ३०० च्या खाली आली, मधली बरीच वर्षं रंग फक्त काळा. या गाडीचं डिझाइन म्हणजे किंमत कमी करत जाणं, दुसरं काही नाही. पण बाजार भरला, ज्याला गाडी हवी होती त्याच्याकडे ती आली आणि ती चालतही होती. तेव्हा प्रतिस्पर्धी कंपनीने दर वर्षी नवं मॉडेल काढायला सुरुवात केली, १९२७ ला खास रूप आणि रंगासाठी वेगळा विभाग उघडला. आतला सांगाडा बराचसा तोच ठेवायचा, वरचा पत्रा बदलायचा. वरचा पत्रा ठोकायचे साचे (डाय) दर वर्षी नव्याने बनवणं महाग होतं, पण गेल्या वर्षीची गाडी जुनी दिसायला लागायची आणि त्यात ती किंमत वसूल व्हायची. गाडी बिघडत नव्हती, मालकाचं तिच्यावरून मन उडत होतं.

दुसरा निर्णय बल्बचा, आणि यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण प्रत्येक लेखात, प्रत्येक व्हिडिओत हा दाखला येतो आणि जवळपास प्रत्येक वेळी अर्धाच येतो.

१९२४ च्या शेवटी जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी करार केला. बाजार वाटून घेतले, कोट्याचे आकडे ठरवले आणि साध्या घरगुती बल्बचं आयुष्य १००० तास असं धरलं. त्याआधी १५०० ते २००० तास चालणारे बल्ब मिळत होते. प्रत्येक कारखान्याने आपले नमुने स्वित्झर्लंडमधल्या चाचणी केंद्रात पाठवायचे आणि बल्ब ठरल्यापेक्षा फार जास्त टिकला तर दंड भरायचा. परत वाचा, जास्त टिकला तर. हे कागदोपत्री सापडलेलं आहे, अफवा नाही. महायुद्ध सुरू झालं तसा करार मोडला, पुढे १९४९ ला अमेरिकेतल्या कोर्टाने तिथल्या मोठ्या कंपनीला स्पर्धाविरोधी वागणुकीबद्दल दोषी धरलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. राहिलेला अर्धा भाग तारेचा आहे. टंगस्टनची तार जितकी जास्त तापेल तितका उजेड पांढरा, आणि त्याच विजेत उजेडही जास्त मिळतो, पण तार लवकर झिजते. कमी तापवली तर वर्षानुवर्षं चालेल, पण उजेड पिवळट-तांबडा आणि वीज बरीचशी उष्णतेत वाया. यातून सुटका नाही, हा त्या पदार्थाचाच गुण आहे. साधारण हिशोब असा की व्होल्टेज ५ टक्के कमी केलं तर आयुष्य जवळपास दुप्पट होतं आणि उजेड १५ टक्क्यांहून जास्त घटतो. मग तेवढाच उजेड हवा असेल तर जास्त वॉटचा बल्ब घ्या आणि विजेचं बिल भरा. बल्बच्या आयुष्यभरात तो जितकी वीज खातो तिच्यापुढे त्या काळातही बल्बची स्वतःची किंमत थोडीच होती. म्हणून १९५१ ला ब्रिटनमध्ये सरकारी चौकशी झाली तेव्हा, कराराच्या बाकी बऱ्याच गोष्टींवर ताशेरे ओढूनही, सगळ्या परिस्थितींना लागू पडेल असं एकच बरोबर आयुष्य नसतंच आणि १००० तास ही एक तडजोड आहे अशा अर्थाचं मत अहवालात आलं.

कॅलिफोर्नियात लिव्हरमोरला एका अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळणारा बल्ब आहे, तोही नेहमी पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो खरंच जळतोय. पण त्याची तार कार्बनची आहे, तो जवळजवळ कधी बंदच केला जात नाही त्यामुळे चालू-बंदचा धक्का नाही, आणि तो आज ४ वॉटच्या आसपास मिणमिणतोय. त्या उजेडात वाचन होणार नाही.

मग करारवाले निर्दोष का? माझं म्हणणं अजिबात तसं नाही. १००० हा आकडा इंजिनिअरिंगच्या दृष्टीने मांडता येतो, पण दंड कशाला लागतो? ज्याला जिन्यात, गोदामात, उंच छताला बल्ब लावायचाय त्याला मंद पण दीर्घ चालणारा बल्बच सोयीचा, बदलायला शिडी आणि माणूस लागतो म्हणून. त्याला २००० तासांचा बल्ब निवडता यायला हवा होता. करार करणाऱ्यांनी एक चांगली तडजोड शोधली आणि मग बाकीच्या सगळ्या तडजोडी बाजारातून काढून टाकल्या, तेही गुपचूप. चूक आकड्यात शोधणारे तारेच्या गणितात अडकतात, आणि गणित बरोबर म्हणून करार बरोबर म्हणणारे दंडाचा कागद विसरतात. आजच्या बॅटरीच्या भांडणातसुद्धा हेच दोन गट समोरासमोर उभे आहेत म्हणून एवढं लिहिलं.

मंदीच्या काळात, १९३२ ला, न्यूयॉर्कमध्ये एकाने पुस्तिकाच काढली की वस्तूंना कायद्याने मुदत घालावी, मुदत संपली की त्या जमा करायच्या, म्हणजे कारखाने चालू राहतील. हे अमलात आलं नाही. १९५४ ला मात्र एका नावाजलेल्या अमेरिकन डिझायनरने जाहिरातवाल्यांसमोर उघडपणे मांडलं की गिऱ्हाइकाला गरजेच्या थोडं आधीच थोडं नवं, थोडं चांगलं घ्यावंसं वाटायला लावणं हेच आपलं काम. तो निकृष्ट माल बनवा असं म्हणत नव्हता, तो मन उडवण्याबद्दल बोलत होता. पण लोकांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या त्या आजतागायत.

याच्या उलट टोकाला एक वेगळीच परंपरा युद्धात तयार झाली. अमेरिकन बी-१७ विमानं उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची, कारण पायलट फ्लॅप (पंखांमागच्या हलणाऱ्या पट्ट्या) आत घ्यायच्या ऐवजी चाकं आत घ्यायचे. पायलटांना दोष देणं चालू होतं. १९४३ च्या सुमारास एका मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बसून पाहिलं तर दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि एकसारखे. उपाय केला तो इतका साधा की चाकांच्या स्विचला छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा, हाताला न बघता कळेल असा. प्रकार थांबले, आणि आकारावरून नियंत्रण ओळखण्याची ही पद्धत विमानांत अजून आहे. १९५० ला अमेरिकन हवाई दलाने ४०६३ पायलटांची मापं घेतली, त्यातल्या १० मापांवर सरासरीच्या जवळ बसणारा माणूस शोधला तर एकही सापडला नाही. तेव्हापासून सीट, पेडल, पट्टे मागेपुढे होणारे करायचे हा नियम झाला. माणसाला वस्तूच्या मापात बसवायचं नाही, वस्तूने माणसाशी जुळवून घ्यायचं, हे इथून पक्कं झालं आणि मला वाटतं या पेशाने केलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

युद्धानंतर जर्मनीत उल्मला १९५३ ला डिझाइनची शाळा सुरू झाली, ती १९६८ पर्यंत चालली, आणि तिच्याशी जोडलेल्या एका रेडिओ कंपनीने १९५६ ला पारदर्शक झाकणाचा रेडिओ-रेकॉर्डप्लेअर काढला. त्याच कंपनीच्या डिझाइनप्रमुखाची चांगल्या डिझाइनबद्दलची दहा तत्त्वं आज डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. त्यात वस्तू दीर्घकाळ टिकावी असं स्पष्ट आहे. पण ते दिसण्याच्या अर्थाने जास्त वाचलं गेलं, म्हणजे फॅशनबाहेर न जाणारं रूप. आत काय आहे आणि ते उघडतं का, इकडे दुर्लक्ष झालं.

आणि बदल नेमका आतच झाला. प्लास्टिकचं मोल्डिंग स्वस्त झालं, १९८० च्या सुमारास जोडणीचा खर्च मोजायच्या पद्धती आल्या आणि त्यांचा पहिलाच धडा होता की स्क्रू काढून टाका. स्क्रू म्हणजे वेगळा भाग, वेगळा साठा, वेगळा हात. १९८५ ला आलेला एक ऑफिसचा प्रिंटर त्याचं गाजलेलं उदाहरण, भाग कमी करून तो एकमेकांत खटकन बसवायचा असा केला होता. डिझाइन म्हणून ते काम सुंदरच होतं. पण खटक्याची जोडणी म्हणजे काय ते जवळून बघा. प्लास्टिकचा एक लवचीक आकडा (हुक) असतो, आत जाताना वाकतो आणि खाचेत अडकतो. त्या आकड्याची अडकणारी बाजू ४५ अंशांच्या आसपास तिरकी ठेवली तर जोर लावून ओढल्यावर तो परत सुटतो. तीच बाजू ९० अंशात सरळ ठेवली तर ओढून सुटत नाही, आत पोचायला वाट ठेवली नसेल तर आकडा तुटतोच. मोल्डचा खर्च जवळपास सारखा, जोडायचा वेळ सारखा, बाहेरून दिसायला काहीच फरक नाही. वस्तू दुरुस्त होणार की फेकली जाणार हे ड्रॉइंगवरच्या त्या एका कोनात ठरलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते ठरवताना दुरुस्ती करणारा माणूस कुणाच्या डोळ्यापुढे नसतो. १८५९ च्या खुर्चीत एकत्र असलेले दोन गुण इथे वेगळे झाले.

पुढचं ताजं आहे. फोन आणि लॅपटॉपमधल्या बॅटऱ्या २००७-०९ पासून आत बंद होत गेल्या, नंतर गोंदाने चिकटवल्या गेल्या, पाच पाकळ्यांचे स्क्रू आले ज्यांचा स्क्रूड्रायव्हर कुणाकडेच नव्हता. चिकटवण्याच्या बाजूने सांगण्यासारखं होतं, नाही असं नाही. काढता येणाऱ्या बॅटरीला कडक कवच लागतं, ते गेलं की तेवढ्या जागेत जास्त क्षमता बसते, आणि चिकटवलेल्या फोनमध्ये पाणी सहज आत जात नाही. डिसेंबर २०१७ ला एका मोठ्या कंपनीने मान्य केलं की जुन्या बॅटरीचे फोन सॉफ्टवेअरने मंद केले जातात, अचानक बंद पडू नयेत म्हणून. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. पण सांगितलं नव्हतं, आणि बॅटरी बदलली की फोन परत वेगात चालतो हे न कळल्याने लोकांनी नवे फोन घेतले. फ्रान्समध्ये २०२० ला अडीच कोटी युरोचा दंड झाला तो न सांगण्याबद्दल.

फ्रान्सने २०१५ लाच वस्तूचं आयुष्य मुद्दाम कमी करणं हा गुन्हा ठरवला होता, पण हेतू सिद्ध करणं महाकठीण. म्हणून रस्ता बदलला आणि २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन वगैरेंवर दुरुस्तीचे १० पैकी गुण छापणं सक्तीचं केलं. युरोपात जून २०२५ पासून फोनसाठी नियम लागू झाले आणि त्यातली बॅटरीची अट मला फार विचार करून लिहिलेली वाटते. एकतर बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे, नाहीतर १००० चार्जिंगनंतरही किमान ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे आणि फोन पाण्यात टिकला पाहिजे. म्हणजे गोंद लावायचाय तर लावा, पण त्याच्या बदल्यात आयुष्य द्या, आणि तो आकडा सगळ्यांना माहीत असलेला, खालची मर्यादा म्हणून. फेब्रुवारी २०२७ पासून इतर उपकरणांच्या बॅटऱ्यांनाही काढता येण्याची अट लागतेय, त्यामुळे आत्ता डिझाइन टेबलावर असलेल्या बऱ्याच वस्तूंची खोकी परत स्क्रूकडे वळतायत.

नियमांच्या हातात अजून पुरत्या न आलेल्या जागाही आहेत. एलईडी बल्बवर १५,००० किंवा २५,००० तास लिहिलेले असतात, ते बहुतेक वेळा उजेड देणाऱ्या चिपच्या हिशोबाने असतात. बल्ब मरतो तो सहसा बुडाशी असलेल्या सर्किटमुळे, त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमुळे (वीज थोडा वेळ साठवणारा छोटा भाग, आत द्रव असतो), तो उष्णतेने सुकतो. दर १० अंशांनी तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. बंद शेडमध्ये लावलेल्या बल्बचं बूड किती तापतं ते हात लावून बघा. ८५ अंशांपर्यंत चालणारा कॅपॅसिटर घ्यायचा की १०५ पर्यंतचा, फरक किरकोळ पैशांचा, आणि त्याबद्दल खोक्यावर एक अक्षरही छापलेलं नसतं.