कडकनाथ पालन (इंदूर परिसर)

कडकनाथ ही मध्य प्रदेशच्या पश्चिम टोकाकडील झाबुआ, अलीराजपूर आणि धार या डोंगराळ जिल्ह्यांतली देशी कोंबडीची जात असून भिल्ल आणि भिलाला समाजांनी ती पिढ्यान्‌पिढ्या परसात सांभाळली आहे. तिकडे तिला ‘काली मासी’ म्हणतात. नवस, देवीपुढचा बळी आणि घरी आलेल्या पाहुण्याचे जेवण यांत या पक्ष्याला मान असतो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे ही जात नोंदलेली आहे. झाबुआ इंदूरपासून सुमारे १५० किलोमीटरवर असल्यामुळे महू, देपालपूर किंवा सांवेरकडे थोडीफार जमीन असलेल्या इंदुरातील मराठी कुटुंबांना हा पक्षी पाळणे दूरच्या कोणापेक्षाही सोपे आहे; मात्र शुद्ध पिल्ले मिळवणे आणि या बुजऱ्या पक्ष्याला त्याच्या कलाने वाढवणे या दोन गोष्टी साधल्या तरच ते टिकते.

या जातीचे काळेपण पिसांपुरते नसते. त्वचा, चोच, पाय, मांस, हाडांवरचे आवरण आणि आतले अवयव यांत कृष्णरंजक (मेलानिन हे काळे रंगद्रव्य) साठलेले असते. तुरा आणि चोचीखालचे लोंबते मांस जांभळट काळे दिसतात. गर्भावस्थेत रंगपेशींची वाढ घडवून आणणारे एक जनुक २० व्या गुणसूत्रावर दुणावलेले असल्यामुळे हा परिणाम होतो, आणि इंडोनेशियातील आयाम चेमानी व चिनी सिल्की या जातींतही तेच कारण आढळते. रक्त मात्र लालच असते, फक्त गडद. अंडी फिकट तपकिरी, किंचित गुलाबी झाक असलेली असतात, त्यामुळे ‘कडकनाथची काळी अंडी’ म्हणून फिरणारी छायाचित्रे खोटी समजावीत. पिसांवरून तीन प्रकार मानले जातात: पूर्ण काळा, मानेवर पांढरट रेषा असलेला पेन्सिल्ड आणि सोनेरी झाक असलेला गोल्डन. पूर्ण वाढलेला कोंबडा साधारण दीड ते दोन किलो आणि कोंबडी सव्वा ते दीड किलो भरते. तलंग (तरुण कोंबडी) सहाव्या महिन्याच्या आसपास अंड्यावर येते आणि वर्षाला साधारण ८० ते १०० अंडी देते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत जे वजन गाठतो त्याच्या जवळ पोचायलाही या पक्ष्याला कित्येक महिने लागतात. ज्याला झटपट उत्पन्न हवे आहे त्याने या जातीकडे वळू नये.

पिल्ले कोठून घ्यावीत हा पालनातला सर्वांत निर्णायक प्रश्न आहे. काळेपणाचा जनुक प्रभावी असल्यामुळे कडकनाथ कोंबडा साध्या काळ्या कोंबडीवर सोडला तरी पहिल्या पिढीतील अनेक पिल्ले बऱ्यापैकी काळी निपजतात आणि तीच ‘शुद्ध’ म्हणून विकली जातात. म्हणून एक दिवसाचे पिल्लू हातात घेऊन निर्णय करण्यापेक्षा त्याचे आईबाप पाहणे शहाणपणाचे. कळपातील पक्ष्याची चोच उघडून जीभ आणि टाळू पाहावेत, पाय उलटा करून तळवा पाहावा, पोटावरची पिसे बाजूला सारून कातडी पाहावी; तुऱ्यात स्पष्ट तांबडेपणा, तळव्यावर पिवळी किंवा पांढरी छटा किंवा फिकट कातडी दिसली तर संकर झाला आहे असे धरावे. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाच्या अखत्यारीतील झाबुआ कृषी विज्ञान केंद्राने या जातीच्या पैदाशीचे आणि प्रसाराचे मोठे काम केले आहे. तेथील किंवा शासकीय कुक्कुटपालन क्षेत्रातील पिल्लांसाठी आगाऊ नोंदणी करून थांबावे लागले तरी ते थांबणे सार्थकी लागते. आठवडी हाटात मिळणारा मोठा पक्षी स्वस्त पडला तरी त्याच्या लसीकरणाचा आणि वंशाचा कोणताही दाखला नसतो.

ग्रामीण विकास ट्रस्टने २०१२ मध्ये केलेल्या अर्जावरून झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यावर छत्तीसगडमधील दंतेवाड्याकडूनही दावा पुढे आला होता. हे मानांकन झाबुआच्या मांसाला आहे, बाजारातल्या प्रत्येक काळ्या पिल्लाला नाही, हे खरेदीदाराने विसरू नये. पिल्ले द्यायची, खाद्य द्यायचे आणि अंडी चढ्या भावाने परत घ्यायची असे आमिष दाखवणाऱ्या योजनेतून सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर परिसरात उभा राहिलेला आणि २०१९ मध्ये उघडकीस आलेला गैरव्यवहार महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे. त्यात दोष पक्ष्याचा नव्हता, पण जातीची बदनामी झाली, याचे वाईट वाटते.

कडकनाथचा स्वभाव हाच त्याच्या संगोपनाचा पाया आहे. हा पक्षी सावध, चपळ आणि बुजरा असतो; मोकळे सोडल्यास दिवसभर उकरत, किडे टिपत हिंडतो आणि संधी मिळाली की रात्री झाडाच्या फांदीवर चढून बसतो. ससाणा, मुंगूस, रानमांजर यांच्या तावडीतून परसातले पक्षी वाचतात ते याच गुणामुळे, म्हणून त्याला खोड मानणे चूक आहे. पिंजऱ्यात दाटीने कोंडल्यास मात्र हीच सावधता एकमेकांना टोचण्याच्या सवयीत उतरते. मोठ्या पक्ष्यांसाठी उंचावर बसायला आडव्या दांड्या, उकरायला मोकळे आवार आणि त्या आवारावर जाळीचे छत असावे, कारण पाच-सहा फुटांचे कुंपण तो सहज ओलांडतो. एकाच पंखाची उड्डाणपिसे कापण्याचा उपाय तात्पुरता असतो, पुढच्या पीसझडीनंतर ती पुन्हा उगवतात. शेडमध्ये शिरताना आधी आवाज द्यावा, दाणे रोज ठरल्या वेळी आणि शक्यतो एकाच माणसाने द्यावेत. पक्षी धरायचे असल्यास दिवसा पळापळ करण्याऐवजी अंधार पडल्यावर, ते दांडीवर बसलेले असताना, दोन्ही पंख अंगाशी दाबून उचलावेत.

पिल्लांच्या बाबतीत हा बुजरेपणा जिवावर बेततो. अचानक भांडे पडले, कुत्रे भुंकले किंवा वीज गेली की पिल्ले कोपऱ्याकडे धावतात, एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून ब्रूडरला, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या जागेला, कोपरे ठेवू नयेत. पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे गोल कडे उभारून त्यात भाताचे तूस अंथरावे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी उतरवत न्यावी. तापमापकापेक्षा पिल्ले अधिक नेमके सांगतात: दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, कड्याला चिकटून चोच उघडी ठेवली तर उकडते आहे, सगळीकडे सारखी पसरून टिपत असली तर ठीक आहे. माळव्यातील हिवाळी रात्री बऱ्याच थंड असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पिल्ले आणणे टाळावे, आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत तर शहरालगतच्या शेडमध्ये लहान पिल्ले असूच नयेत.

लसीकरणात पहिल्या दिवशी मरेक (पाय-पंख लुळे पाडणारा रोग), पहिल्या आठवड्यात मानमोडी (राणीखेत) रोगाविरुद्ध लासोटा ही लस, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो (पिल्लांची रोगप्रतिकारशक्ती खचवणारा रोग) आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास देवी (कातडीवर फोड आणणारा कोंबड्यांचा रोग) व मानमोडीची पुढील मात्रा असा क्रम सामान्यतः पाळतात. स्थानिक परिस्थितीनुसार त्यात होणारे बदल पशुवैद्यकाकडून समजून घ्यावेत. महू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असणे ही इंदूरकरांची मोठी सोय आहे. जात काटक आहे म्हणून लस नको, हा समज घातक आहे. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदुरातील डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. पाठोपाठ जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यात कडकनाथ पक्ष्यांतही हा रोग आढळला. अशा वेळी बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील सर्व कोंबड्या नष्ट केल्या जातात, त्यामुळे दाण्याची व पाण्याची भांडी रानपक्ष्यांपासून झाकलेली ठेवणे हाच हाती असलेला खरा बचाव आहे.

मांस ब्रॉयलरपेक्षा कमी चरबीचे आणि घट्ट असते, शिजायला वेळ लागतो आणि रस्सा काळपट होतो. त्याला जोडले जाणारे औषधी गुणांचे दावे मात्र बरेचसे विक्रीसाठी वाढवलेले असतात.

पैदाशीसाठी आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. कडकनाथ कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसेलच याचा भरवसा नसतो, म्हणून तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवतात; पिल्ले २१ व्या दिवशी बाहेर पडतात. छोट्या कळपात तोच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवल्यास रक्तसंकोच (जवळच्या नात्यातील पैदास) होऊन उबवण आणि पिल्लांची जगण्याची शक्ती दोन्ही घटतात, त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी कोंबडा बदलावा आणि नवा कोंबडा मूळ क्षेत्रातील वेगळ्या कळपातून, वर सांगितलेली तपासणी करूनच आणावा.