ड्युअल लँड का परवडत नाहीत: १९९६ च्या एका यादीची पार्श्वभूमी

स्थानिक स्पर्धांमध्ये प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या कार्डाच्या जागी वापरलेल्या नकला, चालू द्याव्यात की नाही, हा वाद पुण्यात ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये अधूनमधून पेटतो. लेगसीची, म्हणजे जवळपास सगळी जुनी-नवी कार्डं चालणाऱ्या प्रकाराची, स्पर्धा भरवण्याचा विषय निघाला की तो पेटतोच. एका बाजूचं म्हणणं असं, की ज्याच्याकडे खरी कार्डं नाहीत त्याने लेगसी खेळू नये, कमांडर आणि ड्राफ्ट (यात तिथेच पाकिटं फोडून डेक बांधायचा) हे दुसरे प्रकार आहेतच. दुसरी बाजू विचारते, एका डेकमधल्या, म्हणजे खेळायच्या गड्डीतल्या, चार ‘अंडरग्राउंड सी’ या ड्युअल लँड कार्डांना लाखाच्या पुढे रुपये मोजावे लागत असतील, तर हिंजवडीत नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाने करायचं तरी काय? दोन्ही बाजू ही किंमत पावसापाण्यासारखी निसर्गाने दिलेली आहे असं धरून बोलतात. ती तशी नाही. ती एका निर्णयातून आली आहे, आणि त्या निर्णयाला तारीख आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. १९९३ मध्ये अल्फा ही खेळाची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा प्रत्येक रेअर (दुर्मीळ) कार्डाच्या अकराशेच्या आसपासच प्रती छापल्या गेल्या. त्यानंतर बीटा आणि अनलिमिटेड आल्या, आणि १९९४ मध्ये रिव्हाइज्ड. मागणी इतकी होती की छापखाना पुरा पडेना. मग लंबक उलट्या दिशेला गेला. १९९४ च्या अखेरीस ‘फॉलन एम्पायर्स’ भरमसाट छापली गेली आणि दुकानांत पडून राहिली. १९९५ मध्ये ‘क्रॉनिकल्स’ आली. तिच्यात ‘अरेबियन नाइट्स’, ‘अँटिक्विटीज’, ‘लेजंड्स’ आणि ‘द डार्क’ या जुन्या संचांतली कार्डं पांढऱ्या किनारीसह पुन्हा छापली होती. नव्या खेळाडूंना ती हवीच होती. पण ज्यांनी तीच कार्डं आधी चढ्या भावाने घेतली होती, त्यांच्या हातातल्या मालाचा भाव कोसळला. संग्राहक आणि दुकानदार चिडले. त्या चिडण्यातूनच मार्च १९९६ मध्ये ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ आली: अमुक अमुक कार्डं खेळाच्या दृष्टीने त्याच स्वरूपात पुन्हा कधीही छापली जाणार नाहीत, असं मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने दिलेलं जाहीर वचन.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या वचनाच्या रचनेत दडलं आहे. त्यात फक्त चित्राचं किंवा छपाईचं वेगळेपण राखलेलं नाही. कार्डाचं काम राखलेलं आहे. नाव बदललं, चित्र बदललं, किनार बदलली, तरी तेच काम करणारं कार्ड छापायचं नाही. म्हणजे संग्राहकाला हवी असलेली वस्तू आणि खेळाडूला हवं असलेलं अवजार एकाच दोरीने बांधली गेली. अप्पा बळवंत चौकात अभ्यासाला जुनं-नवं पुस्तक घेणारा आणि पहिल्या आवृत्तीच्या शोधात फिरणारा, अशी दोन वेगळी गिऱ्हाइकं असतात. नवी आवृत्ती आली म्हणून पहिल्या आवृत्तीची किंमत पडत नाही. यादीने या दोन गिऱ्हाइकांना एकाच प्रतीसाठी भांडायला लावलं.

यादीत काय गेलं तेही पाहण्यासारखं आहे. ‘ब्लॅक लोटस’सारखी मुळातच दुर्मीळ कार्डं जाणार हे उघडच होतं. पण दहाही ड्युअल लँड तिच्यात गेले. हे लँड रिव्हाइज्डमध्येही छापले गेले होते, आणि रिव्हाइज्डची छपाई अल्फाच्या कितीतरी पट होती. १९९५ च्या फोर्थ एडिशनमधून ते वगळले गेले होते, एवढंच त्यांच्या राखीव होण्याचं कारण. त्यांच्यात चमत्कार काहीच नाही. दोन रंगांचा माना, म्हणजे कार्डं खेळायला लागणारी शक्ती, देणाऱ्या त्या जमिनी (लँड) आहेत, डेक सुरळीत चालावा एवढ्यासाठी लागणारं साधं साहित्य. जिंकून देणारं एखादं दांडगं कार्ड महाग असणं मी समजू शकतो. खेळात नुसता प्रवेश करायला लागणारी कार्डं तीस वर्षांपूर्वीच्या साठ्यातूनच मिळवायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

यादी नंतरही वाढत राहिली. १९९९ च्या ‘अर्झाज डेस्टिनी’पर्यंतच्या संचांमधली रेअर कार्डं तिच्यात आहेत. त्याच वर्षीच्या ‘मर्केडियन मास्क्स’पासून मात्र एकही नवं कार्ड घातलं गेलं नाही. हा थांबा बोलका आहे. वचनाची गरज तीन-चार वर्षांतच संपली होती, पण जे दिलं होतं ते परत घेतलं नाही. २००२ मध्ये अल्फा-बीटामधली कॉमन आणि अनकॉमन, म्हणजे कमी दुर्मीळ, कार्डं यादीतून काढली. म्हणजे वचन बदलता येतं, आणि बदललं तर आभाळ कोसळत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. ‘एकदा शब्द दिला, आता हात बांधलेले आहेत’ असं पुढे जेव्हा जेव्हा सांगितलं गेलं, तेव्हा या बदलाचा उल्लेख क्वचितच झाला.

त्या काळात एक पळवाट उघडी होती. फॉइलमधली, म्हणजे चकाकत्या छपाईची प्रीमियम आवृत्ती वचनाबाहेर होती. २०१० च्या वसंतात एका साध्या ड्युएल डेकमध्ये (तयार डेकच्या जोडीत) ‘फिरेक्शियन नेगेटर’ फॉइलमध्ये आलं. त्याच वर्षीच्या ‘फ्रॉम द व्हॉल्ट: रेलिक्स’मध्ये ‘मॉक्स डायमंड’, ‘मेमरी जार’ आणि ‘मॅस्टिकोर’ आले. खेळाडूंना वाटलं, दार किलकिलं होतंय. झालं उलटंच. मार्च २०१० मध्ये कंपनीने जाहीर केलं, की २०११ पासून फॉइलमध्येही ही कार्डं येणार नाहीत. छपाईच्या वाटेवर असलेला माल तेवढा येऊ दिला.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला निर्णायक क्षण १९९६ चा नसून २०१० चा आहे. १९९६ मध्ये खेळ जेमतेम तीन वर्षांचा होता आणि दुकानदारांचा विश्वास टिकवण्याची निकड खरी होती. २०१० पर्यंत स्पर्धांची घडी बसली होती, लेगसी २००४ पासून स्वतंत्र बंदीयादीसह खेळली जात होती, आणि ड्युअल लँडच्या किमती कुठे चालल्या आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. एवढं दिसत असताना उरलेली फट बुजवली गेली. वचन देऊन लोकांनी त्यावर पैसे लावले की कायदेशीर जबाबदारी उभी राहते, असा बचाव केला जातो. तो निराधार नाही. पण तो युक्तिवाद यादी आहे तशी ठेवण्याचा आहे. ती आणखी आवळण्याचं कारण त्यात सापडत नाही.

वचन मोडायचं नाही म्हटल्यावर कंपनीने वळसे घेतले. २००५ मध्ये ‘रॅव्हनिका’तून शॉकलँड यायला लागले. काम जवळपास ड्युअल लँडचंच, फक्त आल्या आल्या वापरायचे तर दोन लाइफ, म्हणजे खेळाडूचे जीवनगुण, द्यावी लागते. मोठा वळसा २०११ चा: मॉडर्न हा नवा फॉरमॅट, म्हणजे खेळप्रकार. यात २००३ च्या एट्थ एडिशनपासून पुढची कार्डं चालतात. ती रेषा तिथेच का, याचं एक कारण कार्डाच्या चौकटीची नवी मांडणी आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, की त्या रेषेच्या अलीकडचं प्रत्येक कार्ड पुन्हा छापता येतं. एक अख्खा फॉरमॅट या यादीला टाळण्यासाठी आखला गेला, इतकी ती आडवी आली होती.

मग आता किमती खाली येतील, असं वाटणं साहजिक होतं. २०१३ मध्ये ‘मॉडर्न मास्टर्स’ निघाली. तिच्यात ‘टार्मोगॉयफ’ होतं, २००७ च्या ‘फ्यूचर साइट’मधलं. पण मुळात रेअर असलेलं कार्ड इथे मिथिक, म्हणजे रेअरहूनही दुर्मीळ, करून घातलं होतं आणि संचाची छपाई मर्यादित होती. ड्राफ्ट करायला लोक तुटून पडले, त्यातल्या अनेकांना एकेक गॉयफ मिळालं, आणि डेकमधल्या चार प्रती पुऱ्या करायला बाकीचे तीन हवेत म्हणून ते बाजारात उतरले. भाव चढतच गेला, पुढे दोनशे डॉलरच्या घरात पोचला. रीप्रिंट म्हणजे स्वस्ताई नव्हे, हा धडा इथला. किती छापलं, कोणत्या रेअरिटीत आणि कोणत्या भावाच्या बूस्टरमध्ये (कार्डांच्या पाकिटात), यावर सगळं ठरतं. याचा पडताळा पुढच्याच वर्षी मिळाला. सप्टेंबर २०१४ च्या ‘खान्स ऑफ टार्किर’मध्ये, म्हणजे ताज्या कार्डांच्या स्टँडर्ड फॉरमॅटसाठीच्या साध्या संचात, ‘पोल्युटेड डेल्टा’सकट ऑन्स्लॉट या जुन्या संचातले पाचही फेच लँड (डेकमधून दुसरा लँड शोधून आणणारे) पुन्हा आले आणि त्यांचे भाव झपाट्याने उतरले. नेहमीच्या बूस्टरमध्ये, नेहमीच्या किमतीत, हवं तेवढं छापलं. सरळ उपाय होता, सरळ लागू पडला. झेंडिकार संचातल्या फेचना मात्र २०१७ च्या ‘मॉडर्न मास्टर्स’ची आणि मग २०२१ च्या ‘मॉडर्न होरायझन्स २’ची वाट पाहावी लागली.

२०१९ या एका वर्षात बरंच काही उलटसुलट झालं. ‘मॉडर्न होरायझन्स’ थेट मॉडर्नसाठी छापली गेली, आणि एकदा बांधलेला डेक वर्षानुवर्षं चालेल हा मॉडर्नचा भरवसा डळमळला. लँड परवडू लागले तेव्हा बाकीची कार्डं बदलू लागली. २०२१ मधलं ‘रागावान’ हे कार्ड मिथिक होतं, आणि चार प्रती लागायच्या. दुसरीकडे फक्त कॉमन कार्डांचा पॉपर हा फॉरमॅट २०१९ मध्येच छापील कार्डांसाठी अधिकृत झाला आणि पायोनियर हा आणखी एक फॉरमॅट सुरू झाला. पायोनियरमध्ये खान्सचे फेच पहिल्याच दिवशी बंद केले, त्यामुळे त्यांचा खर्च आपोआप टळला. कलेक्टर बूस्टरही २०१९ चेच. एकाच कार्डाची साधी प्रत आणि बिनकिनारीची, झगमगती प्रत वेगळी छापायची, संग्राहकाने ती घ्यावी आणि खेळाडूने ही.

पोकेमॉनमध्ये हे आधीपासून होतं. स्पर्धेत चालणारं कार्ड साध्या प्रतीतही मिळतं, आणि फर्स्ट एडिशनचा शिक्का असलेल्या १९९९ च्या कार्डाला त्याने धक्का लागत नाही. पुण्यातल्या ज्या पालकांना मुलांच्या पोकेमॉन स्पर्धेची धास्ती वाटते, त्यांनी डेकचा खर्च आधी पाहावा. जुन्या चारिझार्डच्या लिलावाच्या बातम्यांशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे दोन गिऱ्हाइकं वेगळी करता येतात, हे कंपनीलाही पटलेलं आहे. फक्त यादीतल्या कार्डांसाठी ते केलं जात नाही. केलं ते एकदाच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि ते भलत्याच पद्धतीने. तिसाव्या वर्धापनदिनाच्या संचात ‘ब्लॅक लोटस’सह जुनी कार्डं छापली, पण पाठ वेगळी, स्पर्धेत न चालणारी. चार बूस्टर, एकूण साठ कार्डं, किंमत ९९९ डॉलर. तेव्हाच्या दराने ऐंशी हजार रुपयांच्या वर, तेही आत काय निघेल याची खात्री नसताना. १९९३ च्या ‘कलेक्टर्स एडिशन’मध्येही स्पर्धेत न चालणारी प्रत विकली होती, पण तिच्यात अख्खा संच हाती यायचा. २०२२ च्या संचाने वचन तांत्रिकदृष्ट्या पाळलं. ज्यांना लेगसी खेळायची होती त्यांच्या हाती काही आलं नाही. एका परीने ही अधिकृत प्रॉक्सीच होती. कंपनी ती स्वतः छापून विकत असेल तर घरच्या प्रिंटरवर काढलेल्या कागदालाच हरकत का, हा प्रश्न त्यानंतर ठिकठिकाणच्या टेबलांवर आला तो उगाच नाही.

आपल्याकडे या सगळ्यावर आणखी दोन थर चढतात. एक रुपया-डॉलरचा, दुसरा कस्टम्सचा. सिंगल्स, म्हणजे सुटी कार्डं, परदेशातून मागवली की टपालखर्च, ड्युटी आणि जीएसटी मिळून स्वस्त कार्डसुद्धा स्वस्त राहत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये भेट म्हणून येणाऱ्या पार्सलांची ड्युटीमाफी बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. तेव्हापासून सदाशिव पेठेपासून बाणेरपर्यंत ज्यांची मावशी किंवा भाऊ डिसेंबरात अमेरिकेहून येतो, त्यांचेच डेक पुरे होतात. ज्यांचं तिकडे कुणी नाही, त्यांना पॉपर किंवा कमांडरचा तयार डेक. गुणवत्तेशी याचा काहीही संबंध नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

कमांडर सुरक्षित आहे असंही समजू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘माना क्रिप्ट’, ‘ज्वेल्ड लोटस’ आणि ‘डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट’ यांच्यावर एका दिवसात बंदी आली. त्यांचे भाव गडगडले. निर्णय घेणाऱ्या स्वयंसेवकांच्या समितीला धमक्या आल्या, आणि आठवड्याभरातच तिने फॉरमॅटचा कारभार कंपनीकडे सोपवला. या तिघांपैकी एकही कार्ड राखीव यादीत नव्हतं. पण कार्डाचा भाव हाच आपला हक्क, आणि नियम करणाऱ्याने तो जपलाच पाहिजे, ही समजूत तीच आहे, १९९५ च्या संतापातली.

राहिला प्रॉक्सीचा नियम, ज्यावरून हा वाद निघाला. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने भूमिका स्पष्ट केली. अधिकृत स्पर्धेत खरी कार्डंच लागतात. स्पर्धा चालू असताना कार्ड खराब झालं तर जज प्रॉक्सी देऊ शकतो, अशी मोजकीच सूट. अनधिकृत खेळात स्वतःपुरती, विक्रीसाठी नसलेली प्लेटेस्ट (खेळून पाहण्यापुरती बनवलेली) कार्डं वापरायला कंपनीची हरकत नाही. हुबेहूब नक्कल करून खरी म्हणून खपवलेली कार्डं मात्र कुठेच चालत नाहीत, आणि चालूही नयेत. अमेरिकेत व्हिंटेजच्या, म्हणजे ‘ब्लॅक लोटस’सारखी कार्डंही चालणाऱ्या प्रकाराच्या, अनधिकृत स्पर्धा गेली कित्येक वर्षं ठरावीक संख्येने प्रॉक्सी घेऊन भरतात. पुण्यात लेगसी भरवायची असेल तर तीच वाट मोकळी आहे. स्पर्धा अनधिकृत म्हणून जाहीर करायची, किती प्रॉक्सी चालतील ते आधी लिहून द्यायचं, आणि त्या प्रॉक्सी स्लीव्हमधून (प्लास्टिकच्या खोळीतून) काढल्या की लगेच ओळखू येतील अशाच ठेवायच्या.