सोलापूरचं ऊन आधी छतावर अडवा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. शहराचे अक्षांश सुमारे 17.7 अंश उत्तर, आणि त्याच सुमारास सूर्य उत्तरेकडे सरकताना बरोबर आपल्या डोक्यावर येतो. घरासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्या दिवसांत दुपारचं ऊन भिंतींना नुसतं चाटून जातं, छतावर मात्र सरळ उभं पडतं. आकाश निरभ्र असेल तर दर चौरस मीटरला जवळपास 1000 वॉट. बैठ्या घरात किंवा सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा खरा शत्रू खिडकीत नसतो, डोक्यावर असतो.

दहा बाय दहाची खोली घ्या. वरचा पाच इंची स्लॅब जवळपास पावणेतीन टनांचा. दिवसभरात तो 15 अंशांनी तापला तर त्यात सुमारे 10 युनिट उष्णता साठते, म्हणजे एक किलोवॉटची शेगडी दहा तास पेटती ठेवावी तेवढी. सूर्य मावळल्यावर यातली काही आकाशाकडे निघून जाते, पण बरीच खाली उतरते. रात्री आठ-नऊला स्टुलावर उभं राहून तळहात छताजवळ धरून बघा. हात न टेकवताही धग जाणवते. ती हवेची नाही, छतातून निघणाऱ्या अवरक्त किरणांची आहे. पंखा ती थांबवू शकत नाही, कूलरही नाही. आणि नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात गच्चीवर पाणी मारत बसणं कुणाला परवडणार?

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत हा त्रास कमी होता. तुळया, त्यावर लाकडी फळ्या, वर फूटभर पांढरी माती. एवढ्या थरातून दुपारची उष्णता खाली पोचायला आठ-दहा तास लागत. तोवर मध्यरात्र व्हायची आणि माणसं अंगणात किंवा माळवदावरच झोपलेली असायची. पण फूटभर मातीचं वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि असली जड छपरं हजारो लोकांच्या अंगावर कोसळली. त्यानंतर लोक पत्र्याकडे आणि स्लॅबकडे वळले, यात चूक काहीच नव्हती. फक्त मातीबरोबर घरातला गारवाही गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

ती जागा इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा हलका थर, भरून काढू शकतं. थर्माकोल, ग्लासवूल, फोमचे बोर्ड या सगळ्यांत खरं काम करते ती आत कोंडलेली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार हळू सरकते. बर्फवाला लादी लाकडाच्या भुशात गुंडाळतो, त्यामागे हेच कारण. पाच सेंटिमीटर थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला काँक्रीट दोन मीटरहून जाड लागेल, आणि या थर्माकोलचं वजन चौरस मीटरला एक-दीड किलो. ब्रिटनमध्ये पोटमाळ्यावर 270 मिलिमीटर ग्लासवूल अंथरायची शिफारस असते ती घरातली ऊब वर निसटू नये म्हणून. आपल्याला अडवायची आहे ती वरून येणारी आग, तत्त्व तेच.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’त निवासी इमारतींच्या छतासाठी मर्यादा दिली आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून 1.2 वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या पाच इंची स्लॅबमधून साधारण साडेतीन वॉट जातात. वर पाच सेंटिमीटर फोम आला की हा आकडा 0.6 च्या घरात येतो. नवं घर बांधणाऱ्याने ठेकेदाराला हा आकडा जरूर विचारावा.

थर शक्यतो स्लॅबच्या वर घालावा: आधी वॉटरप्रूफिंग, मग दाट फोमचे बोर्ड, त्यावर कोबा आणि शेवटी पांढऱ्या फरशीचे तुकडे. असं केलं की स्लॅब उन्हापासून सुटतो आणि रात्रीचा गारवा धरून ठेवतो. मात्र त्यासाठी ऊन उतरल्यावर खिडक्या सताड उघडाव्या लागतात, नाहीतर स्वयंपाकाची आणि माणसांची उष्णता आतच कोंडते. खर्च झेपत नसेल तर निदान चुना मारा. ताजा पांढरा थर बरंचसं ऊन परतवतो. आपल्याकडची धूळ बघता तो दरवर्षी द्यावा लागतो.

मला जास्त काळजी वाटते ती पत्र्याच्या घरांची. शहराच्या पूर्व भागात कितीतरी बाया दुपारभर घरातच विड्या वळतात. तंबाखूचा चुरा उडतो म्हणून पंखाही जोरात लावता येत नाही, आणि डोक्यावरचा पत्रा साठ अंशांच्या पुढे गेलेला असतो. तिथे पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून ॲल्युमिनियम फॉइलचा पडदा ताणला तरी धग पुष्कळ कमी होते. चकचकीत पृष्ठभाग स्वतः उष्णता फार कमी फेकतो. फॉइल पत्र्याला चिकटवू नये, आणि चकचकीत बाजू खाली ठेवावी. वरच्या बाजूवर धूळ बसली की तिचा उपयोग संपतो. उघडा थर्माकोल मात्र चुलीच्या किंवा गॅसच्या वर कधीही लावू नये. तो भसकन पेटतो आणि काळा विषारी धूर सोडतो.