घरच्या कार्यशाळेतली स्की : थर, दाब आणि पकड

बर्फावर घसरण्यासाठी पायांना बांधायच्या आजच्या स्कीचा मधोमध आडवा छेद घेतला, तर जेमतेम दीड सेंटीमीटर जाडीत अनेक निरनिराळे पदार्थ एकावर एक बसवलेले दिसतात. सर्वांत खाली अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनचा गुळगुळीत तळ असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा, कडांवर रबराची पातळ पट्टी, मग काचतंतूंचे कापड, मधोमध लाकडाचा गाभा, त्यावर पुन्हा काचतंतू आणि शेवटी प्लॅस्टिकचे आवरण. दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवायच्या स्नोबोर्डची रचनाही हीच. तो फक्त अधिक रुंद आणि पातळ असतो. घरी स्की बनवायला निघालेल्या माणसाला लाकूडकामाची चिंता सर्वांत आधी वाटते, पण खरा कस लागतो तो या परस्परांहून अगदी भिन्न पदार्थांना असे जोडण्यात, की गोठवणाऱ्या थंडीत हजारो वेळा वाकल्यावरही त्यांनी एकमेकांना सोडू नये. हे काम छोट्या कार्यशाळेत शक्य होते, कारण त्याला भट्टी लागत नाही. शंभर अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान आणि नीट विचार करून बांधलेले एक दाबयंत्र पुरते.

या थरांना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क भागातील सोंद्रे नूरहाइम यांच्यामुळे कमरेशी, म्हणजे मधल्या भागात, निमुळत्या, सहज वळणाऱ्या लाकडी स्की प्रसिद्धीस आल्या. १९२६ साली ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ लेटनर यांनी पोलादी कडांचे पेटंट घेतले. पुढे हॉवर्ड हेड या अमेरिकी विमान-अभियंत्याने विमानबांधणीतील थरांची रचना स्कीमध्ये आणली. सुरुवातीचे नमुने पुन्हा पुन्हा मोडल्यानंतर, अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लायवुड धरणारी त्यांची स्की १९५० मध्ये बाजारात आली. स्नोबोर्डचा उगम तर सरळसरळ घरगुती आहे. १९६५ मध्ये मिशिगनमधील शर्मन पॉपेन यांनी मुलीसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी तयार केली आणि त्या खेळण्यातून पुढचा सारा खेळ उभा राहिला.

थरांच्या रचनेमागचे तत्त्व समजून घेतले, की बाकीचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. वळताना स्कीची दोन्ही टोके वर उचलली जातात, म्हणजे खालची बाजू ताणली जाते आणि वरची बाजू दाबली जाते. मधल्या भागाला ताणही फारसा नसतो आणि दाबही. म्हणून ताठ आणि मजबूत काचतंतू बाहेरच्या बाजूंना हवेत आणि मध्ये हलका पदार्थ चालतो. मात्र हा मधला पदार्थ निव्वळ भरीचा नसतो. काचतंतूंच्या दोन्ही बाहेरच्या थरांमधील, म्हणजे कातड्यांमधील, अंतर कायम राखणे आणि त्यांना एकमेकींच्या उलट दिशेने सरकू न देणे, ही दोन कामे त्याला सतत करावी लागतात. लाकूड येथे आजही टिकून आहे, कारण वजनाच्या मानाने ते ताठ असते, कंपने शोषून घेते, स्क्रू घट्ट धरते आणि घरच्या अवजारांनी घडवता येते. पॉप्लर किंवा अ‍ॅस्पेनच्या हलक्या पट्ट्यांमध्ये अ‍ॅश अथवा मेपलच्या कठीण पट्ट्या घालून त्या उभ्या चिकटवल्या जातात. शेजारच्या पट्ट्यांमधील वार्षिक वलयांची दिशा उलटसुलट ठेवली, तर दमट हवेत गाभा पिळवटत नाही. बूट बांधण्याच्या जागी कठीण लाकूड यायलाच हवे. स्कीमध्ये बांधणीचे स्क्रू साधारण ९ मिलिमीटर खोल जातात आणि पडण्याच्या क्षणी सगळा झटका त्यांच्यावर येतो. स्नोबोर्डमध्ये त्यासाठी गाभ्यातच आटे पाडलेले पोलादी तुकडे बसवून घेतात.

गाभ्याची जाडी सर्वत्र सारखी नसते. टोकांशी ती २ मिलिमीटरच्या आसपास असते आणि बुटाखाली १० ते १२ मिलिमीटरपर्यंत चढत जाते. माझ्या मते स्कीचा स्वभाव याच उतारात ठरतो आणि नवशिक्याने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. साध्या फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ज्या रचनेत बहुतेक भार बाहेरच्या पातळ कातड्यांवर असतो, तिच्यात तो साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि लाकूड व काचतंतू दोघेही भार उचलत असल्याने स्की या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते. म्हणजे १० मिलिमीटरचा गाभा अर्ध्या मिलिमीटरने जाड राहिला, तर ताठपणा १० ते १६ टक्क्यांनी वाढतो. हाताने रंधा मारून जोडीतील दोन्ही गाभ्यांत एवढी अचूकता आणणे कठीण असते. म्हणूनच घरी बांधणारे लोक दोन्ही बाजूंना हव्या त्या उताराच्या पट्ट्या लावून एक जिग, म्हणजे मार्गदर्शक चौकट, तयार करतात आणि त्या पट्ट्यांवरून राउटर (फिरत्या पात्याने लाकूड तासणारे यंत्र) फिरवून गाभा तासतात.

बाह्य आकाराचे गणित सोपे आहे. पुढची आणि मागची रुंदी यांच्या बेरजेतून कमरेच्या रुंदीची दुप्पट वजा करून चारने भागले, की कडेच्या वक्राची खोली मिळते. पुढे १२०, कमरेशी ८४ आणि मागे १०८ मिलिमीटर रुंदी असेल, तर ही खोली १५ मिलिमीटर येते. बर्फाला टेकणारी लांबी दीड मीटर धरून तिच्या वर्गाला खोलीच्या आठपटीने भागले, की वक्राची त्रिज्या सुमारे पावणेएकोणीस मीटर निघते. स्की कडेवर जितकी अधिक कलंडते, तितके प्रत्यक्ष वळण याहून लहान होते.

आता तळाकडे वळू, कारण घरी बनवलेल्या स्कीचे दुखणे बहुधा तेथेच सुरू होते. पॉलिइथिलीन बर्फावर छान घसरते, कारण त्याच्या पृष्ठभागाला इतर पदार्थांना धरून ठेवण्याची फारशी ओढ नसते. आणि नेमक्या याच गुणामुळे थर जोडणारे इपॉक्सी हे चिकटद्रव्यही त्याला चिकटत नाही. उपाय म्हणून तळाच्या आतल्या बाजूवर ज्योतीचा संस्कार केला जातो. निळी, भरपूर हवा मिळालेली ज्योत पृष्ठभागावरून झपाट्याने फिरवली, की सर्वांत वरच्या रेणूंशी ऑक्सिजन जोडला जातो आणि इपॉक्सीला पकडायला जागा तयार होतात. तळाचे द्रव्य १३० अंशांच्या पुढे वितळू लागते, त्यामुळे ज्योत एका जागी क्षणभरही थांबवता येत नाही. संस्कार नीट झाला की नाही, हे पाण्याने तपासता येते: पाणी थेंब होऊन गोळा झाले तर पृष्ठभाग तयार नाही, सलग पसरले तर तयार आहे. विकत मिळणारी तळाची पट्टी सहसा एका बाजूने संस्कारित असते, पण ती बाजू पॉलिश पेपरने घासली किंवा तिला उघड्या बोटांचा स्पर्श झाला, तर मिळालेला लाभ जातो. पोलादी कडाही अ‍ॅसिटोनने पुसून, तेलाचा अंश न ठेवता बसवाव्या लागतात.

थर रचण्याचे काम घड्याळाशी बांधलेले असते. इपॉक्सी आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचे प्रमाण अंदाजाने घेऊन चालत नाही; वजनकाटा लागतो, कारण ही रासायनिक अभिक्रिया ठरावीक रेणूंच्या जोडणीवर चालते आणि उरलेला घटक जोडाला कायमचा मऊ ठेवतो. मिश्रण भांड्यात साठवून ठेवले, तर अभिक्रियेची उष्णता बाहेर पडू शकत नाही, तापमान चढते आणि ते वेळेआधीच घट्ट होते. ते पसरट ताटात ओतावे. चौरस मीटरला ७५० ग्रॅम वजनाचे काचतंतूंचे कापड सर्रास वापरले जाते; हाताने भिजवताना जवळपास कापडाच्याच वजनाइतके मिश्रण लागते. नायट्राइलचे हातमोजे येथे अनिवार्य आहेत. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, आणि काचतंतू घासताना उडणारी धूळ फुप्फुसांसाठी वाईट असते.

यानंतर दाब. हवा शोषून घेणारा पंप आणि बंद पिशवी वापरून जास्तीत जास्त एका वातावरणाचा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोचा दाब मिळतो. पहिल्या जोडीसाठी तो पुरतो आणि मी तोच सुचवेन. अधिक दाबासाठी लोखंडी तुळयांची चौकट उभारून तिच्यात अग्निशामक दलाच्या पाइपासारखा नळ ठेवतात आणि त्यात हवा भरतात. मात्र १८० सेंटीमीटर लांब आणि सरासरी १० सेंटीमीटर रुंद स्कीवर चौरस सेंटीमीटरला ३ किलो दाब दिला, तर चौकटीवर ५.४ टन भार येतो. स्नोबोर्डच्या बाबतीत तो १३ टनांच्या घरात जातो. चौकटीचे वेल्डिंग आणि बोल्ट या आकड्यांना पुरून उरणारे असावेत आणि हवा भरताना कोणीही तिच्या समोर उभे राहू नये.

उष्णता दिल्याने इपॉक्सी लवकर व अधिक पक्के होते, पण तिच्यासोबत एक नवा प्रश्न येतो. २० अंशांवरून ८० अंशांवर नेताना १८० सेंटीमीटर लांबीचे मोकळे पॉलिइथिलीन सुमारे दीड सेंटीमीटरने वाढते, पोलाद सव्वा मिलिमीटरने आणि लाकूड अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. सगळे गरम असताना एकत्र गोठतात आणि थंड होताना प्रत्येक जण आपापल्या मापाने आकसतो. त्यामुळे थर ज्या साच्यावर दाबले जातात त्याने दिलेला बाक बदलतो आणि जोडांमध्ये कायमचा ताण राहतो. पॉलिइथिलीन मऊ असल्याने बरेचसे सामावून घेते, पोलाद घेत नाही. कडेवरची रबराची पट्टी येथे उपयोगी पडते: स्वतः थोडी सरकून ती पोलाद आणि काचतंतू यांच्यातील ओढाताण सोसते. स्की दाबाखालीच पूर्ण थंड होऊ द्यावी.

साच्यातून काढल्यावर जादा भाग कापणे, बाजू तासणे, तळ सपाट घासणे आणि कडांना कानशीने धार लावणे ही कामे वेळखाऊ असली, तरी त्यांत गूढ काही नाही. बर्फावर नेण्यापूर्वी मात्र दोन चाचण्या कराव्यात. स्की दोन टेकूंवर ठेवून मधोमध ठरावीक वजन टांगावे आणि ती किती झुकली हे मोजावे. जोडीतील दोघींच्या मापांत फरक आढळला, तर तो बहुधा गाभ्याच्या जाडीतून आलेला असतो. दुसऱ्या चाचणीत तिच्यावर सर्वत्र नाण्याने हलकेच ठोकत जावे. पक्क्या जोडावर आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द येतो. अशी जागा कडेजवळ असेल, तर पातळ इपॉक्सी आत घालून क्लॅम्प लावता येतो. बुटाखाली असेल, तर त्या स्कीवर बांधणी बसवू नये.