आनुवंशिक संयोजी ऊतक विकारांतील रक्तवाहिनीदाहाचे प्रतिमाचित्रण

मार्फान, लोयस-डीट्झ व वाहिनीप्रधान एलर्स-डॅन्लॉस या आनुवंशिक विकारांत महारोहिणी (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी) आणि तिच्या शाखांच्या भिंतीत होणारा दाह स्कॅनद्वारे टिपण्याची पद्धत. मुख्यतः पेट-सीटी आणि एमआरआय यांचा त्यासाठी वापर होतो. उपयोग आहे, पण मर्यादित. आणि ही मर्यादा यंत्राइतकीच या रोगांच्या स्वरूपातही आहे.

या विकारांत दाह हा मूळ रोग नसतो. मुळात भिंतच कच्ची असते. मार्फानमध्ये फायब्रिलिन-१ या प्रथिनाचे जनुक सदोष असते, लोयस-डीट्झमध्ये टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाच्या मार्गातील जनुके, तर वाहिनीप्रधान एलर्स-डॅन्लॉसमध्ये कोलॅजेन-३ चे. पहिल्या दोन विकारांत मधल्या थरातील लवचीक तंतू तुटत जातात आणि महारोहिणी फुगते. तिसऱ्यात रोहिणी फारशी न फुगताही फाटू शकते. ही केवळ झीज आहे, असे पूर्वी मानत. पुढे शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांत टी-पेशी आणि महाभक्षक पेशी (मॅक्रोफेज) या रोगप्रतिकारक पेशीही आढळल्या. महाभक्षक पेशींतून स्रवणारी एंझाइमे उरलेले तंतूही विरघळवतात. हा दाह आधीचा की तंतू तुटल्यामुळे ओढवलेला, यावर एकमत नाही. तो मंद व विखुरलेला असल्याने रक्तातील सीआरपी हे दाहदर्शक प्रथिन बहुधा वाढलेले नसते. म्हणून भिंतीकडेच पाहावे लागते.

पेट स्कॅनसाठी फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य (एफडीजी) शिरेतून देतात. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. सक्रिय महाभक्षक पेशी ग्लुकोज भराभर घेतात. एफडीजीही आत शिरते, पण पेशीला ते पुढे पचवता येत नाही आणि ते तिथेच अडकते. स्कॅनपूर्वी किमान ६ तास उपास लागतो आणि द्रव्य दिल्यावर साधारण एक तास थांबावे लागते. जास्त थांबल्यास रक्तातले द्रव्य ओसरून भिंत अधिक स्पष्ट होते.

खरी अडचण जाडीची आहे. महारोहिणीची भिंत जेमतेम २ मिमी. पेट यंत्राला मात्र सुमारे ४ ते ५ मिमीहून बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. भिंतीतून आलेला संकेत आजूबाजूला सांडतो, शेजारच्या रक्तातला संकेत भिंतीत मिसळतो. ताकायासू रोहिणीदाहात (महारोहिणी व तिच्या शाखांच्या मूळ दाहरोगात) भिंत जाड झालेली आणि दाह तीव्र, म्हणून ती यकृतापेक्षाही उजळ दिसू शकते. मार्फानच्या पातळ भिंतीतला मंद दाह त्यामानाने सहज निसटतो. ‘स्कॅन साफ आहे’ याचा अर्थ ‘दाह नाही’ असा घेणे म्हणूनच चुकीचे. उलट बाजूही आहे: महारोहिणीत कृत्रिम कलम (नळीचा तुकडा) बसवले असेल किंवा भिंत नुकतीच चिरून भरत असेल, तर रोग वाढत नसतानाही तिथे द्रव्य साठते.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे तरुणपणापासून जन्मभर तपासण्या कराव्या लागणाऱ्यांना ते सोयीचे. गॅडोलिनियम हे प्रतिमा ठळक करणारे द्रव्य दिल्यावर दाहग्रस्त भिंत उठून दिसते. महाभक्षक पेशी गिळतात असे लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कणही वापरून पाहिले गेले आहेत. पोटातील महारोहिणीच्या सर्वसाधारण (आनुवंशिक नसलेल्या) विस्फारावर, म्हणजे फुगवट्यावर, ३४२ रुग्णांचा असा एक ब्रिटिश अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कण साठलेले विस्फार अधिक वेगाने वाढले खरे, पण नुसत्या व्यासावरून होणाऱ्या अंदाजात त्याने सुधारणा झाली नाही. आनुवंशिक विकारांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, तरी उत्साहाला लगाम घालण्यास तो पुरेसा आहे. वाहिनीप्रधान एलर्स-डॅन्लॉसमध्ये रोहिणीत नळी घालून करायची अँजिओग्राफी शक्यतो टाळतात, कारण नळीनेच भिंत फाटण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रियेचा निर्णय आजही व्यासावर, तो वाढण्याच्या वेगावर, जनुकीय निदानावर आणि कुटुंबातील इतिहासावर होतो. मार्फानमध्ये महारोहिणीच्या मुळाशी ५० मिमी ही रूढ मर्यादा, धोका जास्त असल्यास त्याहून कमी. पेट स्कॅनची खरी मदत होते ती निदानाच्या पेचात. तरुण रुग्णाची महारोहिणी फुगलेली आहे आणि कारण ताकायासूसारखा रोहिणीदाह की आनुवंशिक दोष हे ठरत नाही, तेव्हा जाड भिंत आणि सलग तीव्र साठा पहिल्याकडे बोट दाखवतात. हा भेद उपचार बदलतो: रोहिणीदाहावर स्टेरॉइड द्यावे लागते, आनुवंशिक दोषावर त्याचा उपयोग नाही. मात्र स्टेरॉइड सुरू केल्यावर काही दिवसांतच साठा फिका पडू लागतो, म्हणून रुग्णाची प्रकृती थांबू देत असेल तर स्कॅन आधी किंवा पहिल्या तीन दिवसांत उरकतात.