रुबिडियमची रेषा: पाचशे मेगाहर्ट्झच्या खळग्यातली सहा मेगाहर्ट्झची खूण

काचेच्या बंद नळीतली हवा काढून टाकून आत रुबिडियम या धातूचा इवलासा कण ठेवलेला असतो. हा धातू 39 अंश सेल्सिअसलाच वितळतो आणि खोलीच्या तापमानालाही त्याची पुरेशी वाफ होते. नळीतून 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर सोडून त्याची वारंवारता हळूहळू सरकवत नेली, की एका टप्प्यावर पलीकडे पोचणारा प्रकाश घटतो. साडेसात सेंटिमीटर लांबीच्या नळीत तो निम्म्याच्या आसपास येतो. त्याच वेळी अवरक्त कॅमेऱ्यातून पाहिलं, तर नळीच्या आत झोताच्या वाटेवर एक उजळ रेघ दिसते. अणू प्रकाश शोषून तो चहूबाजूंना परत फेकत असतात, त्याची ती रेघ.

पण या मोजणीत अणूचा खरा स्वभाव दिसत नाही. उत्तेजित झालेला रुबिडियमचा अणू सरासरी 26 नॅनोसेकंदांत फोटॉन सोडून खाली येतो. इतकी अल्पायुषी अवस्था ऊर्जेच्या बाबतीत काटेकोर असू शकत नाही, म्हणून तिची रेषा, म्हणजे ती शोषू शकते तो वारंवारतेचा पट्टा, मुळातच सुमारे 6 मेगाहर्ट्झ रुंद असते. पलीकडे पोचलेल्या प्रकाशाचा आलेख दाखवणाऱ्या पडद्यावर मात्र 500 मेगाहर्ट्झहून रुंद खळगा दिसतो. याचं कारण अणूंची धावपळ. सेकंदाला 1 मीटर वेगाने झोताच्या दिशेने येणाऱ्या अणूला लेसर 1.28 मेगाहर्ट्झने वर सरकलेला भासतो, आणि या वाफेतले अणू सेकंदाला 300 मीटरच्या आसपास वेगाने पळत असतात.

यावरची युक्ती फार सुंदर आहे. त्याच लेसरचे दोन झोत एकमेकांसमोरून, एकाच वाटेने सोडायचे: एक जोरकस, त्याला पंप म्हणतात, दुसरा क्षीण, तो प्रोब. धावणाऱ्या अणूला एक झोत वर आणि दुसरा खाली सरकलेला भासतो, त्यामुळे दोन्ही झोतांना एकाच वेळी भेटतो तो फक्त झोताच्या दिशेने न हलणारा अणू. पंपाने त्या अणूंना आधीच गुंतवून ठेवलेलं असल्याने प्रोबचं शोषण तिथे कमी होतं, आणि रुंद खळग्याच्या पोटात एक बारीक शिखर उगवतं.

प्रत्यक्ष मांडणी अशी: लेसरच्या वाटेत सेंटिमीटरभर जाडीची साधी काच तिरकी ठेवायची. तिच्या दोन पृष्ठभागांवरून साधारण 4-4 टक्के प्रकाश परावर्तित होतो. त्यातला एक भाग प्रोब, दुसरा तुलनेसाठी. आरपार गेलेला प्रकाश आवश्यक तेवढा मंद करून आरशांवरून फिरवायचा आणि पंप म्हणून उलट दिशेने नळीत आणायचा. 3 मिलिमीटर व्यासाच्या झोतासाठी पंप 0.1 मिलिवॉटच्या आसपास आणि प्रोब त्याच्या दहाव्या हिश्शाचा पुरतो. पंप वाढवला की शिखर उंच होतं, पण फुगतंही: संपृक्ततेच्या तीव्रतेच्या, म्हणजे ज्या तीव्रतेला अणू प्रकाशात गुंतून शोषण ठळकपणे घटू लागतं तिच्या, तिप्पट प्रकाशात रेषेची रुंदी दुप्पट होते. दोन झोतांमध्ये मीटरभर अंतरात सेंटिमीटरचा तिरपेपणा राहिला, तर रेषेत दोनेक मेगाहर्ट्झची भर पडते. मग अगदी एका रेषेत का ठेवू नयेत? कारण तसं केलं, की पंप आल्या वाटेने थेट लेसर डायोडमध्ये परत शिरतो आणि वारंवारता उड्या मारू लागते. त्यासाठी लेसरपुढे आयसोलेटर, म्हणजे प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारं उपकरण, लागतो. आयसोलेटरमध्ये जबरदस्त चुंबक असतो, तो नळीपासून लांबच हवा. नाहीतर रेषा सरकतात.

नळी तापवताना हात आवरता घ्यावा. दर 10 अंशांमागे वाफेची घनता दुपटीहून जास्त होते आणि क्षीण प्रोब पलीकडे पोचतच नाही. नळीची टोकं मधल्या भागापेक्षा थंड राहिली, तर रुबिडियम तिथल्या काचेवर जमून खिडकी काळवंडते. आणखी एक, कळकळीने सांगण्यासारखं: 780 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जेमतेम तांबूस ठिपक्यासारखा दिसतो, त्यावरून त्याची ताकद जोखू नये. चष्मा घालूनच काम करावं, अंगठी-घड्याळ काढून ठेवावं.

सगळं जुळलं, तरी पडद्यावर अपेक्षेपेक्षा जास्त शिखरं दिसतात, आणि नवखा माणूस हमखास इथेच फसतो. रुबिडियम-87 या समस्थानिकाच्या खालच्या अवस्थेचे 1 आणि 2 असे दोन पोटस्तर आहेत, त्यांच्यात 6.8 गिगाहर्ट्झचं अंतर. पोटस्तर 2 वरून वरच्या, उत्तेजित अवस्थेच्या 3, 2 आणि 1 या पोटस्तरांवर जाता येतं, म्हणजे शिखरं तीन हवीत. दिसतात सहा. वरच्या 3 आणि 2 मध्ये 267 मेगाहर्ट्झचं अंतर आहे. लेसर बरोबर मध्यावर असला, की सेकंदाला 104 मीटर वेगाने पंपाकडे येणाऱ्या अणूला पंप 3 वर आणि प्रोब 2 वर जुळलेला भासतो. उलट दिशेने जाणाऱ्याला याच्या बरोबर उलट. म्हणून दोन खऱ्या रेषांच्या मधोमध तिसरं शिखर उभं राहतं, आणि ते खऱ्यांपेक्षा उंच असतं.

उंची कशामुळे? वेगांचे दोन गट हातभार लावतात हे एक. मोठं कारण गळती. 3 वरून अणू परत 2 वरच येतो. वरच्या 2 वरून मात्र तो खालच्या 1 वरही पडू शकतो, आणि 6.8 गिगाहर्ट्झ दूर असलेल्या त्या पोटस्तराला हा लेसर दिसतच नाही. तिथे गेलेला अणू शोषणाच्या हिशोबातून बाद होतो. रुबिडियममधल्या या शिखरांमध्ये निव्वळ संपृक्ततेपेक्षा या गळतीचाच वाटा बहुधा मोठा असतो.

अणू थंड करून पकडायचे, तर लेसरची वारंवारता 3 च्या रेषेखाली 12 ते 18 मेगाहर्ट्झवर बांधून, म्हणजे सरकू न देता, ठेवावी लागते. चुकून मधल्या उंच शिखराला खरी रेषा समजून बांधला, तर तो 133 मेगाहर्ट्झ चुकतो आणि सापळ्यात काहीच जमत नाही. जाणकार मात्र ते शिखर मुद्दाम वापरतात, कारण उंच खुणेला लेसर घट्ट बांधता येतो. उरलेलं अंतर अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटरने, म्हणजे ध्वनिलहरींच्या साहाय्याने प्रकाशाची वारंवारता सरकवणाऱ्या उपकरणाने, भरून काढतात. मग सहा झोत, सेंटिमीटरला 10 गॉसच्या आसपास बदलणारं चुंबकीय क्षेत्र, आणि दर फोटॉनमागे सेकंदाला 5.9 मिलिमीटरने मंदावणारे अणू.

इथेही गळती सुटत नाही. 3 वर जाता जाता अणू कधीतरी वरच्या 2 वर भरकटतो आणि तिथून खालच्या 1 वर पडतो. म्हणून 1 वरून अणू परत आणणारा दुसरा लेसर सोबत ठेवतात. पुठ्ठ्याच्या तुकड्याने तो अडवला, की सापळ्यातला चमकता ढग पापणी लवायच्या आत विझतो.